अण्णांचा उजवा हात आणि ते पहिले तीन महिने

गेल्या महिन्यात यळ्ळूरहून एक जण आमच्या वडगावच्या घरी आला. तिशीतला पोरगा, चपला काढता काढताच म्हणाला, ताई, तुमच्या अण्णांना सुया मारल्या होत्या न्हवं, त्यांचा पत्ता पायजे होता. त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलेलं, म्हणजे पक्षाघात झालेला, अठरा दिवस झालेले, दवाखान्यातनं घरी आणलेलं, बोलणं बऱ्यापैकी आलंय पण डावा हात गळून पडलाय. दवाखान्यात सांगितलं फिजिओथेरपी करा, गावात सगळे सांगतात सुया मारून घ्या, म्हणजे ॲक्युपंक्चर. त्याला मी चहा दिला, तासभर बोलले, पण जे सांगायचं होतं ते सगळं एकात एक घुसलं, कारण हा विषय निघाला की मला अजून नीट बोलता येत नाही. म्हणून आता बसून लिहितेय. त्याच्यासाठी, आणि निपाणी, खानापूर, चिकोडी, बेळगावात आज ज्यांच्या घरी कॉटवर असं कुणीतरी पडलंय त्या सगळ्यांसाठी.

आमचे अण्णा विणकर. आता वडगाव-शहापुरात पॉवरलूम आहेत, पण अण्णांनी उमेदीची वर्षं हातमागावर काढली, खड्ड्यात पाय सोडून, उजव्या हाताने दोरी ओढून धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी ती लाकडी नळी, इकडून तिकडे. त्याच उजव्या बाजूवरून वारं गेलं. पहाटे पाचला उठले, लुंगी बांधताना हात लागेना, आईला वाटलं झोपेत अंगाखाली आला असेल. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात, म्हणजे आमचे रात्रीपासूनच धरले. त्यावर वेगळं लिहिता येईल, इथे एवढंच सांगते की तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं यातलं एक जरी दिसलं तरी देवाला अंगारा लावत बसू नका, गाडी काढा.

डिस्चार्जनंतर पंधराव्या-सोळाव्या दिवशी आम्ही सुयांकडे गेलो. कुठे, कोण ते लिहीत नाही, कुणा एकाशी माझं भांडण नाही. सिटिंगला चारशे रुपये, रिक्षा वेगळी, वीस सिटिंगचा कोर्स आणि सुरुवातीलाच सांगितलं की वीसमध्ये हात उठणार. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात एक सुई, कोपराच्या घडीपाशी एक, मनगटाच्या वर एक, खांद्यावर दोन. मग त्या सुयांना बारीक चिमटे लावून वायरी एका छोट्या बॉक्सला जोडल्या आणि बटण फिरवलं. अण्णांची बोटं टक टक टक उडायला लागली.

आईने माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. "हललं बघ गं बाय, बोट हललं." सोळा दिवस तिने त्या हाताला तेल चोळलं होतं, त्या हाताशी बोलली होती, आणि तो हात आज हलत होता. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मी पण रडले. त्या क्षणाला मला कुणी काहीही विकलं असतं तर मी घेतलं असतं, आणि अशाच क्षणी आपण सगळे फसतो.

कारण ते हलणं अण्णांचं नव्हतं. अठराव्या शतकात इटलीत गॅल्वानी नावाच्या माणसाने मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा झटका दिला तर तो पाय पण उडाला होता. बाहेरून करंट दिला की स्नायू आखडतो, त्याला मेंदू लागत नाही. पक्षाघातात बिघाड असतो मेंदूत, म्हणजे हातापर्यंत हुकूम पाठवणाऱ्या जागेत. हात, नस, स्नायू सगळं जागच्या जागी असतं, म्हणून तर बॉक्स लावल्यावर ते हलतं. बॉक्स बंद केला की अण्णांचा हात मांडीवर पडायचा तसाच. फिजिओथेरपीवाल्यांकडेही करंटचं मशीन असतं, ते मी नाकारत नाही, पण ते लावताना पेशंटला सांगतात की आता तुम्हीही मनगट वर करायचा प्रयत्न करा, जोर लावा, बघा हाताकडे. अण्णांना मात्र डोळे मिटून पडून राहायला सांगितलेलं.

आणि याहून वाईट एक गोष्ट सांगितलेली. सुया चालू आहेत तोवर हाताला ताण देऊ नका, व्यायाम बंद ठेवा, दोन्हीचा मेळ बसत नाही. आम्ही ऐकलं. वीस सिटिंग आठवड्याला दोनच्या हिशोबाने अडीच महिने चालल्या, आणि त्या अडीच महिन्यांत अण्णांचा उजवा हात मऊ उशीवर ठेवलेला होता, पाहुण्यासारखा. माझी तक्रार ही आहे. सुई टोचली याची नाही, पैशांचीही तेवढी नाही.

आता सुयांबद्दल. ॲक्युपंक्चरला मी जादूटोणा म्हणत नाही. आपल्याकडे त्याच्याबद्दल एक आपुलकी आहे आणि तिला कारण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर ऑपरेशनं करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू १९५८ च्या सुमारास परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. त्यामुळे आपल्या देशात या विद्येबरोबर कोटणीसांचं नाव जोडलं गेलं. पण कोटणीस सर्जन होते, चाकू हातात धरणारे. त्यांच्याबद्दल ऊर भरून येतो म्हणून लुळ्या हातावर सुई चालतेच असं होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

आणि ते तपासलंय लोकांनी, चांगलं तपासलंय. मला सगळ्यात जास्त पटली ती स्वीडनमधली गोष्ट. बार्ब्रो योहान्सन नावाच्या बाईंनी १९९३ साली ७८ पेशंटांवरचा अभ्यास छापला. सगळ्यांना नेहमीची फिजिओथेरपी, त्यातल्या काहींना वरून आठवड्याला दोनदा सुया, दहा आठवडे. सुयावाल्यांचं बरं होणं जास्त दिसलं. झालं, जगभर बातमी. पण या अभ्यासात एक भोक होतं, ज्यांना सुया नव्हत्या त्यांना त्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे एकाला आठवड्यातून दोनदा कुणीतरी जवळ बसून, हात हातात घेऊन, आशा देऊन जातंय आणि दुसऱ्याला नाही. मग त्याच बाईंनी पुढे १५० पेशंट घेऊन परत अभ्यास केला, या वेळी एका गटाला सुया, एका गटाला जोराचा करंट आणि एका गटाला जाणवणारही नाही इतका नाममात्र करंट. २००१ साली निकाल आला. तिन्ही गट सारखे. तीन महिन्यांनी सारखे, वर्षानेही सारखे. आपलाच गाजलेला निकाल आपणच परत तपासायचा आणि उलटा आला तर तोही छापायचा, याला मोठं काळीज लागतं, मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

मधे १९९८ साली स्वीडनमध्येच १०४ पेशंटांवर खोल सुया, वरवरच्या सुया आणि सुयाच नाहीत असे तीन गट करून बघितलं, तेव्हाही फरक नाही. अमेरिकेत २००५ साली खास हातावर, तेही जुन्या पक्षाघाताच्या ३३ जणांवर, खऱ्या आणि खोट्या सुया लावून पाहिलं. खोटी सुई म्हणजे जी आत न जाता टोचल्यासारखी वाटते. सगळ्यांचा हिशोब धरला तर हाताच्या कामात फरक नाही निघाला. ज्यांनी कोर्स पुरा केला त्यांच्या मनगटाचा ताठरपणा थोडा कमी दिसला, हेही सांगायला पाहिजे, पण ताठरपणा कमी होणं आणि हाताने पेला उचलता येणं यात फार अंतर आहे.

मग चीनमधले अभ्यास? ते ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळ्यांत सुयांनी फायदा झालाय. पण १९९८ सालीच काही संशोधकांनी देशवार निकाल मांडून दाखवलं होतं की चीन, जपान, हाँगकाँग, तैवानमधून आलेले ॲक्युपंक्चरचे सगळेच्या सगळे अभ्यास यशस्वी होते. एकही नापास नाही. ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो तिथला पेपर कोण तपासतो हे आपण विचारतोच की. जगभरचे असे अभ्यास गोळा करून चाळणी लावणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, त्यांनी २०१६ साली ३१ अभ्यास आणि २२५७ पेशंट एकत्र धरून बघितले. त्यांचं म्हणणं असं की काही बाबतीत फायदा असेलही, गंभीर अपाय दिसला नाही, पण बहुतेक अभ्यास लहान आणि कच्चे आहेत, त्यावरून हे सगळ्यांना सरसकट द्या असं सांगता येत नाही.

मी डॉक्टर नाही, मराठी शाळेत शिकवते, पण यातनं मला कळलं ते असं की सुई विष नाही आणि हात परत आणणारं औषध असल्याचा भक्कम पुरावाही नाही.

मग आजूबाजूला इतके लोक सुयांनी बरे झाले म्हणतात ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. खानापुरात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जा, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लांबला की लोक देवाला पाण्यात ठेवतात आणि आठ-दहा दिवसांत धो धो सुरू होतो. श्रद्धेला माझा नमस्कार, पण मृग तोंडावर आलेला असताना त्या डोंगरात पाऊस येणारच होता. मेंदूचंही एक असंच नक्षत्र असतं. वारं गेल्यानंतर सूज उतरते, झटक्याने बधिर झालेल्या पण जिवंत असलेल्या पेशी परत कामाला लागतात, शेजारच्या जागा गेलेल्या जागेचं काम शिकायला लागतात. यातलं सगळ्यात जास्त होतं ते पहिल्या तीन महिन्यांत. आणि आपण सुया कधी सुरू करतो? विसाव्या दिवशी. पन्नासाव्या दिवशी हात उठला की श्रेय सुईला. कबुतराचं रक्त चोळणाऱ्यालाही श्रेय असंच मिळतं, झाडपाल्याचा काढा देणाऱ्यालाही, आणि खरं सांगायचं तर कधी कधी महागडं इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही.

हॉलंडमधे १८८ पेशंटांवर एक अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. पहिल्या तीन दिवसांत ज्याला बोटं थोडी तरी सरळ करता येतात आणि खांद्यातून हात थोडा तरी बाजूला नेता येतो त्याच्या हाताला सहा महिन्यांनी काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांचं कुठवर येणार हे तीन दिवसांत, कुठलाही उपचार ठरायच्या आधीच, पुष्कळसं दिसत असतं. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता मी कुणाच्याही घरी गेले की आधी हेच विचारते, बोटं सरळ होतात का, थोडी तरी.

म्हणजे मग करायचं काय, पडून राहायचं? उलट. त्या तीन महिन्यांत मेंदू शिकायला तयार असतो आणि त्याला शिकवावं लागतं, हाताने काम करूनच. माकडांवर १९९६ साली प्रयोग झाला होता, मेंदूतली हाताची जागा थोडीशी मारली, नुसतं सोडून दिलं तर आजूबाजूची चांगली जागाही हात विसरत गेली, आणि हाताने खाणं काढायचा सराव रोज करून घेतला तर ती जागा टिकली, वाढलीही. वापरलं नाही तर जातं. एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञाने तर सांगितलं की पेशंट एका अर्थी हात न वापरणं शिकतो, दोन-चार वेळा प्रयत्न फसला की दुसऱ्या हाताने भागवतो आणि मग थोडं येण्यासारखं असतं तेही वापरत नाही. त्यावर त्यांनी काढलेला इलाज ऐकायला क्रूर वाटतो, चांगला हातच बांधून ठेवायचा. २००६ साली अमेरिकेत २२२ पेशंटांवर हे केलं, दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ चांगल्या हातावर जाड मोजा आणि रोज काही तास लुळ्या हाताकडून काम, आणि फरक पडला, वर्षभर टिकलाही. पण हे ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलतात त्यांच्यासाठीच, अगदी गळालेल्या हातावर घरच्या घरी हा प्रयोग करू नका, माणूस पडेल, खचेल.

यातला एक आकडा मला रात्री झोपू देत नाही. २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या सिटिंगांत जाऊन कुणीतरी मोजलं की एका सिटिंगमध्ये पेशंट हाताने खरंखुरं काम किती वेळा करतो. सरासरी ३२ वेळा. माकडांकडून शेकड्याने करून घेतात, माणसाकडून ३२. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. अण्णांचं बोलणं तेव्हा अजून जड होतं, ते बराच वेळ गप्प बसले, मग डाव्या हाताने हवेत दोरी ओढल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बत्तीस? बत्तीसात वीतभर पण होत न्हाई." खरंय. एका लुगड्याला धोटा हजारो वेळा जातो. नवीन पोरगा मागावर बसला की पहिले कित्येक दिवस त्याचा धोटा खाली पडतो, काठ वाकडा येतो, मालक ओरडतो, आणि एक दिवस हाताला कळतं. तो हात हजारांत शिकला होता. तो बत्तीसात परत कसा शिकेल, आणि डोळे मिटून उशीवर पडून तर कसा शिकेल?

चौथ्या महिन्यात आम्ही एका फिजिओथेरपिस्ट पोरीकडे गेलो. तिने पहिल्यांदा खांदा बघितला. आम्ही अण्णांना बगलेत हात घालून उठवत होतो त्याने खांद्याचा सांधा खाली उतरला होता. दुखत होता म्हणून अण्णा हात हलवू देत नव्हते आणि आम्हाला वाटायचं आळस करतात. ती चिडली नाही, नुसती म्हणाली, बगलेतनं ओढायचं नाही, कधीच नाही. मग तिने विचारलं अण्णा काय काम करायचे. मागाचं कळल्यावर म्हणाली घरी कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सूत गुंडाळायच्या नळ्या, आहेत का, घेऊन या. दुसऱ्या दिवसापासून अण्णांसमोर टेबलावर रिकाम्या कांड्यांची पाटी. एक उचलायची, दुसऱ्या पाटीत टाकायची. उचलत नव्हती तेव्हा नुसती ढकलायची. आई बाजूला बसून मोजायची, शंभर झाल्या की चहा.

आज अण्णांचा हात धोटा मारत नाही, मारणारही नाही. पण पेला धरतो, भाकरी दाबून धरतो म्हणजे दुसऱ्या हाताने तोडता येते, शर्टचं वरचं बटण सोडून बाकीची लावतो. ते अडीच महिने परत मिळाले असते तर अजून किती आलं असतं हे मला कुणीच सांगू शकत नाही. कदाचित काहीच जास्त नसतं आलं. पण ते वापरायचा हक्क आमच्याकडून कुणीतरी काढून घेतला आणि वर पैसे पण घेतले.

आता लोक म्हणतात, मग सरकारने मान्यता कशी दिली? दिली आहे, खरं आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे निपाणीच्या पलीकडे कागलला किंवा कोल्हापुरात कुणाच्या भिंतीवर सर्टिफिकेट दिसलं तर ते खोटं असेलच असं नाही. पण मान्यता म्हणजे कोण शिकला, कोण धंदा करू शकतो याचे नियम. सुईने लकवा मारलेला हात उठतो हे काही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. रिक्षाला परमिट आहे म्हणून ती गोव्याला दोन तासात पोचवेल असं नाही.

दुसरं म्हणणं जास्त खरं आणि जास्त अवघड आहे. म्हणतात, माणसाला बरं वाटतं ना, आशा लागते ना, जाऊ दे की. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आईला त्या दिवशी जे वाटलं ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. खांदा दुखतोय, झोप लागत नाही, सुईने आराम पडतो असं कुणाला वाटत असेल आणि परवडत असेल तर घ्यावी, नवीन पाकिटातली सुई आहे ना बघून, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगून. बंदी घाला असं मी म्हणतच नाही. पण तीन गोष्टी कुणीही म्हटल्या तर उठून यावं, बीपीच्या, शुगरच्या, रक्ताच्या इंग्लिश गोळ्या बंद करा, व्यायाम बंद करा, आणि इतक्या सिटिंगमध्ये हात उठेल. पहिलीने तर जीव जातो. आमच्या गल्लीत एका काकांनी गोळ्या सोडल्या आणि चार महिन्यांत दुसरा झटका आला, त्यांच्या घरच्यांना अजून वाटतं नशीब.

पण लोक सुयांकडे का जातात याचा विचार केला तर बोट सुईवाल्याकडे कमी आणि आपल्या व्यवस्थेकडे जास्त जातं. कणकुंबीच्या माणसाने आठवड्यातून पाच दिवस बेळगावला फिजिओथेरपीला यायचं म्हणजे काय? बायकोचं बसतिकीट कर्नाटकाच्या शक्ती योजनेत २०२३ पासून फुकट आहे, त्याचं नाही, बस स्टँडपासून रिक्षा, फी, आणि बरोबर येणाऱ्याचा रोजगार बुडतो. निपाणीत विड्या वळणारी बाई, तिचं पोटच बोटांवर, तिचा हात गेला तर तिला तंबाखू पानात गुंडाळायचा सराव करून घेणारा माणूस जवळ कुठे आहे? सुईवाला मात्र जवळ असतो, मराठीत बोलतो, वेळ देतो, हात हातात घेतो. दवाखान्यात अण्णांना डिस्चार्जच्या दिवशी व्यायामाचा एक कागद दिला होता, एका बाजूला इंग्लिश, एका बाजूला कन्नड. मला कन्नड वाचता येतं, आईला येत नाही, आणि दिवसभर अण्णांजवळ आई असायची. मला इथे भाषेचं भांडण उकरायचं नाही, गोकाक-सौंदत्तीच्या कन्नड घरातली माणसंही अशीच हेलपाटे घालतात, ते पार्श्ववायू म्हणतात आपण वारं म्हणतो, हात सारखाच गळतो. फक्त एवढंच की मेंदूच्या झटक्याने आधीच शब्द हरवलेल्या माणसाला निदान त्याच्या भाषेत सांगा, हात उचला म्हणून.

सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायची घोषणा झाली, कर्नाटकाने हरकत घेतली, २०२४ च्या जानेवारीत त्यावरून केवढं तापलं. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना मी एकच विचारते. तुमची ती योजना असो की इकडची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक, दोन्ही मुळात दवाखान्यात ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. माणूस घरी आला की कार्ड संपतं, आणि हाताचं खरं काम तर घरी आल्यावर सुरू होतं. ज्या कार्डासाठी भांडलात त्यात पहिल्या तीन महिन्यांची फिजिओथेरपी घालायचं कुणाला सुचलं नाही का? कर्नाटकाने निम्हान्स या बंगळूरच्या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेच्या मदतीने मेंदूच्या आजारांसाठी ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू केलंय, चांगलं आहे, मग त्याचा हात तालुक्यापर्यंत आणा, खानापूर, निपाणी, चिकोडीत रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट द्या, त्याच्याबरोबर दोन्ही भाषांतले कागद द्या, आशा ताईंना निदान एवढं शिकवा की बगलेतनं ओढू नका आणि गोळ्या बंद करू नका.

आणि इथे मला माझ्याच बाजूला न आवडणारी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या देशातच १४ दवाखान्यांत, १२५० पेशंटांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ साली आला. घरच्या माणसाला शिकवायचं आणि त्याने घरी व्यायाम करून घ्यायचा. सहा महिन्यांनी बघितलं तर घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत काही फरक नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आईने मोजलेल्या त्या शंभर शंभर कांड्या माझ्या डोळ्यासमोर होत्या. पण विचार केल्यावर मला त्यातनं एवढंच कळलं की सगळं घरच्या बाईच्या गळ्यात घालून सरकारला मोकळं होता येणार नाही. घरचा माणूस प्रेमाने करतो, पण कुठली हालचाल कधी वाढवायची, कधी थांबवायची हे त्याला कोण सांगणार, आणि भाकऱ्या थापून, म्हशीचं करून त्याला रोज किती वेळ राहतो? जाणता माणूस आठवड्यातून तीन-चारदा हात धरायला पाहिजे, मधल्या दिवसांत घरच्यांनी. एकट्या घरच्यांवर सोडून भागलं असतं तर सुयांकडे कुणी गेलंच नसतं.

यळ्ळूरच्या त्या पोराला मी विचारलं, आईची बोटं सरळ होतात का. म्हणाला, थोडी, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. मनगट? उचलूलीय थोडं थोडं. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला कळेना ताईला काय झालं. त्याला शेंगा दिल्या दोन किलो, घरच्याच होत्या. सांगितलं, डाव्या हाताने फोडायला लाव, दाणा निघाला नाही तरी चालेल, चिमटीत धरून दाबू दे, सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास, आणि सोमवारी तिला घेऊन फिजिओथेरपीला जा, मी येते बरोबर. बीपीची गोळी कुठली ते बघितलं त्याच्या मोबाइलमधल्या फोटोत.

जाताना उंबऱ्यात थांबला आणि परत म्हणाला, ताई, तो पत्ता.

मी दिला. नाही म्हणायचा मला काय हक्क. फक्त म्हटलं शेंगा झाल्याशिवाय नेऊ नकोस, आणि तिथे कुणी हाताला आराम द्या म्हटलं तर पहिल्यांदा मला फोन कर. आठ दिवसांनी फोन आला, गेलाच नव्हता अजून. म्हणाला शेंगा संपल्या, आता काय देऊ, तूर चालंल का. मागनं त्याच्या आईचा आवाज येत होता, मोजत होती, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि मधेच चुकली म्हणून परत पंचवीसपासून.